एसटीतला तास



आपल्यापैकी कितीतरी जण सकाळी डब्याची पिशवी घेऊन घराबाहेर पडतात आणि माळीवाडा किंवा तारकपूर बसस्थानक गाठतात. कोणी शाळेत शिकवायला जातो, कोणी दवाखान्यात कामाला, कोणी कारखान्यात, कोणी कॉलेजला. संध्याकाळी तेवढेच अंतर उलट दिशेने कापायचे असते. हा प्रवास आपल्या आयुष्याचा एवढा मोठा भाग आहे, तरी त्याच्याविषयी आपण रोज एकच प्रश्न विचारतो: केव्हा संपणार? या रविवारच्या पाठात आपण दुसरा प्रश्न विचारून पाहू. या तासाभरात आनंदाचे काही असते का? आणि असेल, तर ते आपल्या हाती कसे लागावे?

एका झाडाची गोष्ट

आम्ही पाच-सहा जण नगरहून राहुरीला रोज जा-ये करतो. आमच्यात वयाने सर्वांत मोठे असलेले काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी परतताना आम्ही त्यांना मुद्दाम खिडकीची जागा दिली. एरवी गाडी हलली की ते डोळे मिटून घेत. त्या दिवशी मात्र ते बाहेर पाहत राहिले. देहरे मागे पडले, विळद घाट जवळ आला, तेव्हा त्यांनी बोट दाखवून विचारले, "ते चिंचेचं झाड तिथं कधीपासून आहे हो?"

आम्ही हसलो. झाड चांगले जुने होते, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. काकांनी त्या रस्त्याने सव्वीस वर्षे ये-जा केली होती. हसू ओसरल्यावर आमच्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का? मीपण ते आजच पाहिलं." मग नगर येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

घरी आल्यावर आम्ही हिशेब मांडला. जायला एक तास, यायला एक तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १२ तास. सणवार आणि सुट्या वगळून वर्षाचे ५० आठवडे धरले तर ६०० तास होतात, म्हणजे पूर्ण २५ दिवस आणि २५ रात्री. काकांच्या सव्वीस वर्षांचे ६५० दिवस झाले. पावणेदोन वर्षांहून अधिक काळ एक माणूस बसमध्ये बसला होता आणि त्यातला बहुतेक काळ त्याने डोळे मिटून काढला होता. दमलेल्या माणसाने झोप घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. झोपेची गरज खरीच असते. पण डोळे उघडे असूनही आमच्यापैकी कोणी ते झाड पाहिले नव्हते, हे आम्हाला लागले. प्रवासाचे हे दिवस पगारात धरले जात नाहीत आणि सुट्टीतही धरले जात नाहीत. म्हणून ते कोणाचेच नाहीत असे आपण समजतो. वय मोजताना मात्र ते वगळले जात नाहीत.

ही गाडी आपल्या रस्त्यावरची

पाहण्याची सुरुवात ओळखीपासून होते. ज्याची काही माहिती नाही त्याच्यावरून नजर घसरून जाते. म्हणून आधी या गाडीचीच थोडी ओळख करून घेऊ.

१ जून १९४८ रोजी त्या वेळच्या मुंबई राज्याच्या सरकारी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. आज आपण जिला लालपरी किंवा लाल डबा म्हणतो ती तेव्हा लाल नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांचा रंग निळा होता आणि टप चंदेरी. आत लाकडी बाके होती. त्यानंतर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची 'शिवाई' ही विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली, तीही याच पुणे-अहमदनगर मार्गावर. सुपे, शिरूर मागे टाकत आपण ज्या रस्त्याने जांभया देत पुण्याला जातो, तो महाराष्ट्राच्या एसटीचा पहिला रस्ता आहे. ही गोष्ट आम्हाला कळल्यापासून पुण्याच्या गाडीत चढताना आमचे पाऊल जरा वेगळे पडते.

आता आनंद कोठे शोधायचा ते पाहू. आम्हाला तो तीन ठिकाणी मिळाला.

१. खिडकीबाहेर

नगर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाचे ढग डोंगरापलीकडेच रिकामे होतात आणि आपल्याकडे उरलेसुरले पोचतात. म्हणून नगर सोडल्यावर विळदच्या आसपास खडकाळ माळ आणि बाभळी दिसतात. घाट उतरून पुढे गेलो आणि राहुरी जवळ आली की ऊस दिसू लागतो, कांद्याचे वाफे दिसतात, पाटाचे पाणी दिसते. मधे फक्त तासाभराचा रस्ता आहे. हा बदल पावसाने केलेला नाही. राहुरीजवळच मुळा धरण आहे. आणखी उत्तरेला, प्रवरेच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहुरीकडचा मुलूख भिजवला. कोठे माळ संपतो आणि कोठे पाट सुरू होतो, ती जागा एकदा खिडकीतून शोधून पाहा. दुष्काळाच्या वर्षी ती जागा पुढे-मागे सरकलेली दिसेल. आपल्या जिल्ह्याचा भूगोल असा रोज तिकिटाच्या पैशांत डोळ्यांसमोरून जातो.

राहुरीच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. ते १९६८ साली स्थापन झाले. फळांच्या गाडीवर लालबुंद 'भगवा' डाळिंब आपण भाव करून घेतो. ते वाण याच विद्यापीठाने दिले आहे. त्या फाटकावरून जाताना आमच्यातला एक जण आता हटकून म्हणतो, "डाळिंब आलं." आमच्या या साध्या विनोदाला आता बरेच दिवस झाले, पण तो अजून शिळा झालेला नाही.

तारेवरचे पक्षी हा आमचा आणखी एक खेळ. काळा, लांब शेपटीला मधे खाच असलेला तो कोतवाल. हिरवा, चिमणीएवढा, तारेवरून झेप घेऊन हवेतला किडा पकडतो आणि पुन्हा तारेवर येऊन बसतो तो वेडा राघू. नीलपंख तारेवर बसलेला असताना मातकट दिसतो, कोणाचे लक्षही जात नाही. तो उडाला की पंखातला निळा रंग एकदम उघडतो. ट्रॅक्टर नांगरत असला की त्याच्या मागे गायबगळे चालतात, कारण उलटलेल्या ढेकळांतून किडे वर येतात. पहिल्या महिन्यात आम्हाला दोनच पक्षी ओळखता येत होते. आता नऊ-दहा येतात. बाहेर पाहायला काही नसते, ही आमची जुनी तक्रार आता कोणी करत नाही.

आणि ऋतू. थंडीत ज्वारीची कणसे भरतात आणि रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या लागतात. उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॉल्यांच्या मागे आपली गाडी हळू होते, तेव्हा चडफडण्याऐवजी बैलांच्या शिंगांचे रंग पाहता येतात. चैत्रात कडुनिंब फुलतो. गाडी थांब्यावर उभी असताना खिडकीतून तो मंद गोड वास आत येतो, तो पंधरा दिवसांचाच पाहुणा असतो. मे महिन्यात गुलमोहर. पहिल्या पावसानंतर मातीचा वास, आणि त्यासाठी भिजत का होईना खिडकी उघडी ठेवणारा एखादा तरी प्रवासी.

२. गाडीच्या आत

गाडीच्या आत पाहण्यासारखे बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. फलाटावर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, दप्तर आत टाकून जागा धरण्याची आपली पद्धत पाहा. त्या रुमालाला कायद्याचा काही आधार नाही. तरी बहुतेक माणसे तो उचलून बाजूला ठेवत नाहीत, जागा सोडतात. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही अशा माणसांचा हा एकमेकांवरचा विश्वासच आहे. वाहकाने एकदा घंटी ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. त्या दुहेरी घंटीवर गाडीतले प्रत्येक लहान मूल खूष असते. आपणही एके काळी असायचो.

खेड्यातल्या किती आयांनी एसटीने डबे पाठवले! शिकायला शहरात राहिलेल्या मुलासाठी पहाटे उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायचा, पहिल्या गाडीच्या चालकाच्या हाती द्यायचा आणि मुलाने स्थानकावर तो उतरवून घ्यायचा. आमच्यातले दोन जण असे डबे खाऊनच शिकले. त्यांतले एक सर सांगतात, "डबा गार झालेला असायचा, पण फडक्याला घरातल्या चुलीचा वास असायचा."

शाळेला निघालेल्या मुलींकडेही पाहा. खेड्यातून शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्याच नावाने २०२४ साली आपला जिल्हा अहिल्यानगर झाला. ही मुले-मुली गाडीत पाढे म्हणतात, एकमेकांची प्रयोगवही उतरवून घेतात, परीक्षेच्या दिवशी गप्प होतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून आमच्या गाडीत आजीबाई वाढल्या आहेत. एकदा शेजारी बसलेल्या आजींना आम्ही विचारले, "कुठं निघालात, आजी?" त्या म्हणाल्या, "लेकीकडं. आता पोराकडं पैसं मागाया लागत न्हाईत, म्हून दर पंधरवड्याला जाते." त्यांच्या मांडीवर शेवग्याच्या शेंगांची जुडी होती. उतरताना त्यांनी दोन शेंगा आमच्या पिशवीत घातल्या आणि नको म्हणायला वेळच दिला नाही.

शेजारच्याशी बोलण्याविषयी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत शिकागो येथे निकोलस एप्ले आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी रोज आगगाडीने आणि बसने जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केले आणि ते २०१४ साली प्रसिद्ध केले. काही जणांना त्यांनी अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना एकटे गप्प बसायला. बोलण्याने प्रवास नकोसा होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जे बोलले त्यांचा प्रवास अधिक चांगला गेला. आपल्याकडे "कोणत्या गावचे?" हा प्रश्न पूर्वी आपोआप विचारला जायचा. आता दोघांच्याही हातात मोबाइल असतो. प्रश्न तोच आहे, फक्त मान वर करावी लागते. समोरच्याला बोलायचे नसेल तर ते दोन शब्दांत कळते. मग त्याला सोडून द्यावे.

३. आपल्या हातून

तिसरा आनंद शोधावा लागत नाही, तो द्यावा लागतो. लेकुरवाळीला बसायला जागा देणे, उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे दप्तर मांडीवर घेणे, वाहकाला सुटे पैसे देणे, उतरताना चालकाकडे पाहून मान हलवणे, एवढ्याच गोष्टी.

आमच्यातल्या एक ताई एका संध्याकाळी पुण्याहून एकट्याच परतत होत्या. हातात घरच्या माणसाच्या तपासण्यांची फाइल होती आणि आत लिहिलेले चांगले नव्हते. गाडी भरलेली होती. खिडकीशी बसलेल्या एका अनोळखी मावशींनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, काही विचारले नाही, उठल्या आणि म्हणाल्या, "तू इकडं खिडकीशी बस, पोरी." ताईंना बाहेर तोंड करून रडता आले. शिरूर येईपर्यंत त्या रडल्या. मावशी आपल्या पिशवीतले शेंगदाणे सोलत बसल्या आणि निम्मे ताईंच्या बाजूला ठेवत गेल्या. आजारपण त्याने कमी झाले नाही. पण त्या वर्षातले सगळे वाईट दिवस सांगताना ताई ते शेंगदाणेही सांगतात.

एक सावधगिरी

आनंद शोधा, याचा अर्थ सगळे निमूट सोसा, असा नाही. गर्दीत कोणी मुलीला त्रास देत असेल तर तेव्हा पाखरे मोजत बसू नये, आवाज चढवावा आणि वाहकाला गाडी थांबवायला सांगावे. पाठदुखी, ऊन, तासभर उभे राहणे हे त्रास खरे आहेत. ज्याच्या वाट्याला ते आले त्याला "मजा शोध" असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. तक्रार करण्यासारखे असेल तेथे ती नीट, नाव-गाव आणि वेळ लिहून करावी. तक्रार आणि आनंद दोन्ही एका माणसात राहू शकतात. उलट जो नीट पाहतो त्याचीच तक्रार नेमकी असते.

आणखी एक गोष्ट आम्ही २०२१-२२ मध्ये शिकलो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही त्यांची मागणी होती. त्या महिन्यांत आम्हाला दोन गोष्टी कळल्या. आम्ही ज्यांच्या हाती रोज जीव सोपवतो त्या चालक-वाहकांच्या घरचे कष्ट आम्ही कधी विचारलेच नव्हते. आणि गाडी सुटण्याची ती घंटी आम्हाला इतकी आठवेल असे कधी वाटले नव्हते. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाने वाहकाला पेढा दिला. वाहक म्हणाले, "पेढा राहू द्या, सुट्टे द्या!" आणि मग पेढाही घेतला.

या आठवड्यासाठी

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने पाच कटकटी लिहिल्या. काही आठवड्यांनी पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक चांगले वाटत होते. रोज लिहिण्याचीही गरज पडली नाही. आम्ही हे आमच्या पद्धतीने करून पाहिले. आपणही पाहावे.

(१) एक छोटी वही पिशवीत ठेवा. शनिवारी परतताना त्या आठवड्यातील प्रवासातल्या पाच गोष्टी लिहा, प्रत्येकी एक ओळ. 'छान वाटले' असे लिहू नका, काय पाहिले ते लिहा.

(२) आपल्या रस्त्यावरचे एक झाड निवडा आणि वर्षभर ते पाहा. पालवी, फूल, फळ आणि पानगळ यांच्या तारखा टिपा.

(३) येताना किंवा जाताना, कोणत्याही एका फेरीत मोबाइल पिशवीत ठेवा.

(४) आठवड्यातून एकदा तरी खिडकीची जागा दुसऱ्याला द्या, शक्यतो लहान मुलाला.

घरात बोलण्यासाठी प्रश्न

आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्यावरील पाच झाडे आपल्याला सांगता येतील का? आपल्या गाडीच्या वाहकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? प्रवासात अनोळखी माणसाने केलेली कोणती मदत आपल्या घरात अजून आठवली जाते? लहान मुलांना आधी बोलू द्यावे. त्यांनी अधिक पाहिलेले असते.

शेवटी पुन्हा ते झाड. रस्ते रुंद होतात तेव्हा कडेची झाडे जातात, हे आपण सगळीकडे पाहतो. आमचे चिंचेचे झाडही कायम राहीलच असे नाही. पण आता ते जेवढे दिवस आहे तेवढे दिवस आम्ही त्याला पाहतो. आमच्या वहीत त्याची पालवी लिहिलेली आहे, त्याचा बार लिहिलेला आहे, आणि चिंचा पाडणाऱ्या दोन पोरांना पाहून चालकाने हॉर्न वाजवला तो दिवसही लिहिलेला आहे. काका आता घरी असतात. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तब्येतीची विचारपूस नंतर होते. आधी ते विचारतात, "आज झाड कसं होतं?"

आणि आम्हाला सांगता येते.